सुरीची जागा

आमच्या गल्लीतली भट्टी पेटते महिन्यातून एकदा,
पहाटे चारला, ओकच्या लाकडांवर.
अंतिओका लाटते, ग्रात्सिएत्ता भाजते,
आणि मी, सव्वीस वर्षं, सुरीपाशी.
भाकरी टम्म फुगून बाहेर आली
की वाफ पळायच्या आत
कडेनं चिरायची, एकीच्या दोन करायच्या
कागदासारख्या,
आणि पुन्हा भट्टीत, कुरकुरीत व्हायला.
बोटं भाजायची.
बोलणं चालूच असायचं. कुणाचं लग्न ठरलं,
कुणाचं मोडलं, कुणाच्या मेंढ्या कुणाच्या रानात.

नुओरोच्या डॉक्टरनं चष्मा काढला. म्हणाला, गहू बंद.
मी विचारलं, किती दिवस?
"बाई," तो म्हणाला,
आणि नुसता कागद सरळ करत बसला.

पहिल्या आठवड्यात मी रडले नाही.
फडताळं धुतली. डबे उन्हात पालथे घातले.
सासूची लाकडी परात दिराकडे पाठवून दिली.
लाकूड पीठ विसरत नाही म्हणे.
रडू आलं ते औषधाच्या दुकानात,
खोकल्याची बाटली आणि बाळाचे लंगोट
यांच्या मधल्या फळीवर
प्लास्टिकमध्ये गुदमरलेला पाव बघून.
भाकरी, औषधाच्या दुकानात!
चव विचारू नका.
ओली पुठ्ठ्याची पेटी चावून बघा.

बाकिझिओ मेंढवाड्यात जाऊन खातो आता,
पोरं लपून सिगारेट ओढतात तसा.
परवा त्याच्या मिशीत एक कण दिसला
आणि मी त्या कणावरून भांडले,
परक्या बाईचा केस सापडावा तशी.
तो गप्प होता.
मग उठला, मोरीत गेला,
फार वेळ तोंड धूत राहिला.
नळाचा तो आवाज ऐकताना
मला माझीच लाज वाटली,
तरी राग उतरला नव्हता.

पुतणीच्या लग्नात माझा डबा होता.
सगळे विचारत होते, हे चालतं का, ते चालतं का,
इतक्या मायेनं, इतक्यांदा,
की पंगतीत बसूनही
कुणी हाताला धरून उठवल्यासारखं झालं.

भट्टीच्या दिवशी मी अंजिराखाली बसते.
आत पीठ हवेत तरंगतं, आत जायचं नाही.
पण कान तर आहेत.
लाटण्याच्या ठोक्यावरून सांगते,
अंतिओकाचा गुडघा दुखतोय आज.
सुरीपाशी तिची सून आहे, देलिया,
हात चांगला, धीर नाही.
चर्र झालं. फाटली.
"कडेनं गं! पोटात नको खुपसू!"
मी ओरडले, अंजिरावरची चिमणी उडाली.
आत क्षणभर शांत.
मग कुणीतरी हसलं, आणि ठोके पुन्हा सुरू.
पुढची नीट चिरली गेली.
मला ऐकू आलं.

दुपारी माझा वाटा येतो,
फडक्यात बांधलेला, वीस पानं, पूर्वीइतकाच.
अंतिओकाला सांगायला कुणी धजत नाही.
हा विसर आहे, माया आहे की निव्वळ हट्ट,
मी विचारत नाही.
मेंढवाड्यावरचा कुत्रा लठ्ठ झालाय.

काल रात्री चेस्टनटचं पीठ मळलं.
मळलं कसलं, थापटलं.
त्याला ताण नाही, धरून राहणं नाही,
म्हाताऱ्या माणसासारखं मध्येच विसरतं.
तव्यावर टाकलं. वाट बघितली.
फुगली नाही.
तरी मी सुरी घेतली, सवयीनं,
कडेनं घातली.
दोन होईनात. सात तुकडे झाले.
मी मोजत उभी होते तेवढ्यात
बाकिझिओ आला, तोंड धुतलेलं, ओल्या मिशीचा.
न विचारता एक उचलला.
"मीठ जास्त झालंय," म्हणाला,
आणि दुसरा घेतला.
हो.
पुढच्या वेळी कमी घालीन.